आपल्याला काय त्याचं?

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गाला मी निबंधाचा एक विषय दिला. ‘समजा, आपल्या शहराला नगर परिषदेची नवी इमारत बांधायची आहे. ती कुठे बांधावी आणि कशी बांधावी?’ पुस्तकात असा विषय नाही. पुस्तकातले विषय मुलं गाइडमधून पाठ करून येतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ तपासताना चौतीस वह्यांत एकच पाऊस पडलेला असतो. मला पाठ नसलेलं काहीतरी वाचायचं होतं, म्हणून हा विषय.

मी रत्नागिरीत उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. माझी मुलं घरी आमची कोकणी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठी बोलतात आणि मोबाइलवर हिंदी ऐकतात. एवढ्या भाषा असूनही निबंध लिहायला सांगितला की वर्गात शांतता पसरते. पण या वेळी मुलं लिहायला बसली.

राजिवड्याच्या एका मुलीने लिहिलं, ‘पालिका अशा जागी बांधावी की आमच्या अम्मीला रिक्षा करावी लागणार नाही. जाऊन-येऊन रिक्षाला पैसे जातात आणि साहेब जेवायला गेलेले असतात.’ एका मुलाने पार्किंग मागितलं, कारण त्याचा भाऊ रिक्षा चालवतो आणि सरकारी कचेरीबाहेर रिक्षा लावली की ओरडा खातो. एकीने लिहिलं, तिच्या नानीला जिना चढता येत नाही, म्हणून सगळी पालिका खालीच बांधा, वर काहीही ठेवा. एकाने लिहिलं की बायकांसाठी स्वच्छ संडास हवा आणि त्याला कुलूप नको. मला वाटतं, मोठमोठी फी घेणाऱ्या आर्किटेक्टलाही या यादीत फार भर घालता आली नसती.

आणि मग एक वही उघडली. त्यात दोनच वाक्यं होती.

‘कुठेही बांधा. आपल्याला काय त्याचं?’

शुद्धलेखनाची चूक नव्हती, विरामचिन्हंही जागच्या जागी होती. मुलगा हुशार आहे, आळशी नाही. मी लाल पेन हातात घेऊन बसले आणि त्या वहीवर गुण देता आले नाहीत. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. माझ्या घरात ऐकलं आहे, मोहल्ल्यात ऐकलं आहे. खरं सांगायचं तर मी स्वतःही ते म्हटलेलं आहे.

माझं माहेर कोकणातल्याच एका छोट्या शहरात. शहराचं नाव सांगत नाही. अब्बा गेले त्या वर्षी अम्माला घेऊन मी तिथल्या पालिकेत चार वेळा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर अब्बांचं नाव एक होतं, बँकेच्या पासबुकावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. त्यांच्या नावाच्या सुरुवातीला ‘मोहम्मद’ होतं. मराठी कागदावर हा एक शब्द किती प्रकारे लिहिला जातो हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. महंमद, महमद, मोहमद, मोहंमद, मुहम्मद. माणूस एकच, पण बँकेच्या दृष्टीने पाच.

जन्म-मृत्यूचा विभाग वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा, कठडा एकाच बाजूला. अम्माच्या गुडघ्यांना तेव्हाच त्रास होता. आम्ही वर पोचलो. खिडकीतल्या माणसाने अम्माच्या ओढणीकडे पाहिलं आणि विचारलं, “हां चाची, क्या चाहिए आपको?”

अम्मा म्हणाली, “दाखल्यावर नाव चुकलंय, भाऊ. ते नीट करून पायजे.”

तो माणूस वाईट नव्हता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “उसके लिए अर्जी देनी पड़ेगी.” अम्मा मराठीत बोलत राहिली, तो हिंदीत बोलत राहिला. अम्मा त्याच शहरात जन्मली, तिच्या आजीची आजीही तिथेच जन्मली. तो माणूस कदाचित बदलीवर दोन वर्षांपूर्वी आला असेल. तो सौजन्यानेच हिंदी बोलत होता, हे मला कळत होतं. पण त्या सौजन्यातच कुठेतरी, तुम्ही बाहेरचे, तुमच्या सोयीसाठी मी भाषा बदलतो, असं होतं. मराठी मुसलमान वाचकांना हे मी जास्त समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगितलं.

दुसऱ्या खेपेला अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला ज्याच्याकडे रजिस्टरच्या कपाटाची किल्ली होती तो रजेवर होता. उतरताना अम्मा जिन्याच्या मधल्या वळणावरच बसली. तिथल्या शिपायाने आपलं स्टूल आणून दिलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, “चाची, पुढच्या वेळी खालनंच हाक मारा. मी कागद घेऊन येतो, तुम्ही चढू नका.” चौथ्या खेपेला त्याने खरोखरच तसं केलं. त्या इमारतीत आमच्यासाठी जी सोय होती ती एवढीच, तो शिपाई. तो रिटायर झाल्यावर ती सोयही गेली असणार.

घरी येताना मी अम्माला म्हटलं होतं, “इथे नवीन इमारत बांधणार आहेत म्हणे.” अम्मा म्हणाली, “बांधू देत. आपल्याला काय त्याचं?” मीही मान डोलावली होती.

म्हणून त्या वहीवर मला गुण देता आले नाहीत.

पालिकेची इमारत कुठे आणि कशी, हा वाद आजचा नाही. आपल्या राज्यातल्या सर्वांत प्रसिद्ध पालिकेच्या इमारतीची गोष्ट पाहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महापालिकेची ती भव्य इमारत आहे. तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. आता कुणालाही वाटेल की दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं असेल. प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं एप्रिल १८८९ मध्ये आणि पुरं झालं १८९३ मध्ये. म्हणजे कोनशिला आणि काम यांच्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला. शैली कोणती असावी हाही प्रश्न होता. रॉबर्ट चिझम यांचा आराखडा इंडो-सारासेनिक पद्धतीचा होता, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक. स्टीव्हन्स जिंकले. समोरचं स्टेशनही त्यांचंच. पण इमारतीचे घुमट पाहिले तर पौर्वात्य वळणही त्यात उतरलेलं दिसतं.

मला या गोष्टीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्या काळात त्या पालिकेत आपली माणसं बसलेली होती. बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ पासून पालिकेचे सदस्य होते. रहिमतुल्ला सयानी १८८८ मध्ये पालिकेचे अध्यक्ष झाले. दोघेही पुढेमागे काँग्रेसचे अध्यक्ष होते, तय्यबजी १८८७ मध्ये, सयानी १८९६ मध्ये. हे आपण मुलांना सांगतो, पण अभिमानाची यादी म्हणून. त्यांनी रस्ते, गटारं, पाणी, कर असल्या रुक्ष विषयांवर तासन्‌तास बसून चर्चा केली असेल, हे सांगत नाही. मतदानाचा हक्क तेव्हा कर भरणाऱ्या मूठभरांनाच होता, सामान्य माणसाला कुणी विचारत नव्हतं. आज प्रत्येक प्रौढाला मत आहे, आणि आपण म्हणतो, आपल्याला काय त्याचं.

इमारत नवी असली म्हणजे चांगली असते, असंही नाही. पुणे महापालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचं उद्घाटन २१ जून २०१८ रोजी तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झालं. त्याच दिवशी पाऊस आला आणि नव्या सभागृहाच्या छतातून पाणी गळायला लागलं. पाहुणे आत, पाऊसही आत. सगळ्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिलं. पुण्याचा पाऊस तो केवढा! आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे जुनी घरं जांभ्या दगडाची आणि उतरत्या कौलांची का, ते त्यामुळे. आता सिमेंटचे सपाट स्लॅब घालतात, चार पावसाळे काढतात आणि मग स्लॅबवर पत्र्याची शेड ठोकतात. कोकणात कुठल्याही उंचावर उभं राहून पाहा, इमारतींच्या डोक्यावर निळे-लाल पत्रे दिसतील. म्हणजे छप्पर दोनदा बांधायचं, पैसे दोनदा द्यायचे. ज्याने मुळात ‘इथला पाऊस कसा असतो?’ असं कुणा गवंड्याला विचारलं असतं, त्याने पहिल्यांदाच उतरतं छप्पर दिलं असतं.

खाली रजिस्टर ठेवलंय तिथे पाणी आलं तर काय होतं, ते सांगते. गेलेला कागद परत मिळत नाही. आणि आज कागद म्हणजे काय, हे आपल्याला कळतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेचा प्रवेश, वाहनाचा परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी अशा कामांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा धरला जातो. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं आणि पुढे त्याचे नियम कडक केले. खोट्या नोंदी होऊ नयेत हे बरोबरच आहे. पण जिची बाळंतपणं घरात सुईणीच्या हातून झाली, त्या बाईचं काय? ती खरी आहे आणि तिच्याजवळ कागद नाही. अशा बाईसाठी पालिकेचा जिना किती पायऱ्यांचा आहे, खिडकी किती वाजेपर्यंत उघडी आहे, खिडकीतला माणूस तिचं नाव कसं लिहितो, हे प्रश्न साधे राहत नाहीत.

नावावरून आठवलं. उर्दूत ‘ज़’चा उच्चार दाखवणारी चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय. मराठीत ‘ज’ एकच, पण ‘जहाज’ म्हणताना आपण दोन वेगळे ‘ज’ उच्चारतो. मी मुलांना हे गमतीने शिकवते. पण एका अक्षराच्या घोटाळ्यात बाप आणि मुलगा कागदावर परके होतात तेव्हा गंमत राहत नाही. नव्या इमारतीत संगमरवर बसवण्याआधी नावं तपासून घेणारी एक खिडकी बसवावी. नोंद पक्की होण्याआधी घरच्या माणसाला वाचून दाखवावी. ‘असंच लिहितात ना तुम्ही?’ एवढं एक वाक्य विचारावं. त्याला टेंडर लागत नाही.

आता पातूरची गोष्ट. अकोला जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. तिथल्या नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर पाटी लागली. वर मराठीत ‘नगर परिषद, पातूर’ आणि खाली तेच उर्दूत. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की पालिकेचा कारभार आणि पाटी फक्त मराठीतच हवी. १४ फेब्रुवारी २०२० रोजी नगर परिषदेने ही हरकत बहुमताने फेटाळली. कारण दिलं की १९५६ पासून इथे उर्दू वापरात आहे आणि गावात ती समजणारे बरेच लोक आहेत. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. तिथे उर्दू काढायचा हुकूम झाला. विभागीय आयुक्तांनी तो हुकूम रद्द केला. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय, पुन्हा नागपूर, पुन्हा दिल्ली. शेवटी १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. राजभाषा मराठी आहेच, तिच्यासोबत उर्दू वापरायला कायद्याने बंदी नाही. न्यायालयाने हेही म्हटलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा एखाद्या प्रदेशातल्या माणसांची असते. पालिका लोकांच्या रोजच्या गरजांसाठी असते, त्यामुळे लोकांना समजेल ती भाषा पाटीवर असायला हरकत नसावी. उर्दू परदेशातून आली हा समजही चुकीचा आहे, ती मराठीसारखीच याच मातीत वाढलेली आहे.

एका पाटीच्या खालच्या ओळीसाठी पाच वर्षं. मी तो निकाल वाचला तेव्हा आनंद झाला, हे लपवत नाही. ज्या भाषेवर माझी भाकरी आहे तिला देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ‘तू इथलीच’ म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग मला एका मुलीने विचारलं, “टीचर, मग रत्नागिरीच्या पाटीवर पण उर्दू लिहायला सांगूया?”

मी लगेच हो म्हणाले नाही. वाचकांपैकी काहींना हे आवडणार नाही, पण जे वाटतं ते लिहिते. पातूरमध्ये १९५६ पासून जे होतं ते टिकवायचा प्रश्न होता. आहे ते पुसू नका, एवढंच मागणं होतं. आम्हा कोकणी मुसलमानांचं तसं नाही. आमच्या आज्यांना उर्दू वाचता येत नव्हती. त्यांची बोली इथलीच, ओव्या इथल्याच, शिव्यासुद्धा इथल्याच. उर्दू आमच्याकडे मदरशातून आणि शाळेतून आली. मला ती प्रिय आहे, पण माझ्या अम्माला त्या खिडकीवर उर्दू नको होती. तिला मराठीत उत्तर हवं होतं. तिच्या मराठीला मराठीत उत्तर मिळणं हा तिचा हक्क होता. रत्नागिरीतल्या पाटीवर उर्दूची ओळ आली तर मला आनंदच होईल. पण ती आली आणि खिडकीतला माणूस अम्माला ‘क्या चाहिए’च विचारत राहिला, तर आम्ही मिळवलं काय?

आणि गंमत अशी की पाटी कोणत्याही लिपीत लिहा, आतला कारभार आधीच मिसळलेला आहे. पालिकेच्या दारात उभं राहून शब्द मोजा. इमारत, दाखला, अर्ज, कागद, मुदत, हरकत, मंजूर, नामंजूर, शिक्का, नकाशा, मालमत्ता, वसुली. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आलेला आणि आता पुरता मराठी झालेला. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात आमच्याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीचा त्यांचा आग्रह सर्वांना ठाऊक आहे. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. ते शब्दही रुजले, मी रोज फळ्यावर ‘दिनांक’ लिहिते. पण तोंडाने विचारते, “आज तारीख काय?” दोन्ही शब्द मराठीत सुखाने नांदतात. माणसांनी त्यांच्याकडून शिकावं.

आता जरा आपल्याबद्दल बोलू. दुसऱ्याला दोष देणं सोपं असतं.

नगर परिषदेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि राज्यातल्या बहुतेक पालिकांप्रमाणे आमच्या शहरावरही प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. चार वर्षं शहराला नगरसेवक नव्हते. या चार वर्षांत महाराष्ट्रभर पालिकांचे किती निर्णय झाले असतील! जागा ठरल्या, आराखडे झाले, निविदा निघाल्या. सभागृहच नव्हतं, म्हणजे हात वर करून ‘माझा विरोध आहे’ म्हणणारंही कुणी नव्हतं. किती लोकांना ते खटकलं? आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या वजूखान्याला कोणत्या रंगाच्या फरशा बसवायच्या यावर तीन जुम्मे चर्चा चालली. जमातीच्या बैठकीत आवाज चढले. वाईट नाही, आपली वास्तू आहे, आपलेपण आहे म्हणून भांडण आहे. पण त्याच काळात वर्तमानपत्रात पालिकेच्या हरकती-सूचनांच्या जाहिराती येऊन गेल्या आणि आमच्यातल्या एकानेही कात्रण काढून ठेवलं नाही. मीही नाही. मी तर मराठीची शिक्षिका. ती जाहिरात मला वाचता येत नव्हती असं नाही.

जिथे आपण भांडत नाही, ती जागा आपली नसते. वजूखाना आपला, कारण त्याच्या फरशीवरून आपण भांडतो. पालिका त्यांची, कारण तिथे आपण फक्त रांगेत उभे राहतो.

महाडचं उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगते. आमच्यापासून फार लांब नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. ठराव झाला, कागदावर सही झाली आणि तळ्यावर काहीच बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरवायची तर गावात जागा देईना कुणी. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ उजाडलं.

फत्तेखानांचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावंच. पण मला त्यातून दुसरंही दिसतं. पालिकेत काय ठरतं, काय मागे घेतलं जातं, यावर माणसांचं पाणी अवलंबून असतं. आणि ठराव झाला तरी, तो अमलात आणा असं सांगायला कुणीतरी उठून जावं लागतं. ‘आपल्याला काय त्याचं’ असं फत्तेखान म्हणाले असते तर चाललं असतं. तळ्याचा तंटा त्यांच्याशी नव्हताच.

तर परत त्या वहीकडे येते.

मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. रागावले नाही. विचारलं, असं का लिहिलंस? तो बराच वेळ बूट घासत उभा राहिला. मग म्हणाला, “टीचर, आमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण तुटलंय. पावसात माझी छोटी बहीण त्यात पडली होती. अब्बा दोनदा सांगून आले. म्हणाले, होईल. झालं नाही. मग ते लोक मोठी इमारत बांधतील, त्यात बसतील. आपल्याला काय?”

मी विचारलं, “अब्बांनी तोंडी सांगितलं की लिहून दिलं?”

“तोंडी.”

“मग लिहून देऊ.”

नववीच्या अभ्यासक्रमात औपचारिक पत्र असतं. मुलं ते काल्पनिक पुस्तक विक्रेत्याला लिहितात, ज्याचं दुकान कुठेच नसतं. या वेळी मी सांगितलं, पत्र मुख्याधिकाऱ्यांना लिहायचं, खरं. विषय प्रत्येकाने आपल्या गल्लीतून आणायचा. दोन प्रती करायच्या. आवक विभागात एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत यायचं नाही. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, आवक क्रमांक रजिस्टरात राहतो. एवढं शिकवायला मला बीएडची पदवी लागली नाही. ते मला अम्मासोबत त्या जिन्यावर कळलं होतं.

चौतीसपैकी अकरा जणांनी खरोखर पत्र लिहिलं. बाकीच्यांनी पुस्तक विक्रेत्यालाच लिहिलं, त्यांना मी कमी गुण दिले नाहीत. अकरापैकी सात जण पालकांना घेऊन पत्र देऊन आले. त्यात तो मुलगा होता. दुसऱ्या दिवशी त्याने शिक्का मारलेली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला आणली. वर पावसाचे थेंब होते, आत कागद कोरडा होता.

मी विचारलं, “खिडकीवर काय बोलले?”

म्हणाला, “हिंदीत विचारलं, कशासाठी आलायस. मी मराठीत सांगितलं. मग ते पण मराठीत बोलले.”

गटाराचं झाकण हे लिहीपर्यंत बसलेलं नाही. पंधरा दिवसांनी आम्ही स्मरणपत्र लिहिणार आहोत, मसुदा वर्गात तयार आहे. त्या पहिल्या निबंधाची वही अजून माझ्या टेबलावर आहे. गुण दिलेले नाहीत. मी त्याला सांगितलंय, विषय तोच आहे, नगर परिषदेची नवी इमारत कुठे आणि कशी बांधावी. पुन्हा लिहून आण. त्याने विचारलं, “किती ओळी?” मी म्हटलं, “जेवढं तुझं आहे तेवढं.”